आईच्या बोटातला एक थेंब

हे सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही, म्हणून लिहितेय!

आमच्या आईला शुगर. रोज संध्याकाळी जेवणाआधी गोळी. आम्हा बौद्धांचा पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. पौर्णिमेला तिनं उपोसथाचं अष्टशील धरलं, म्हणजे दुपारी बारानंतर जेवायचं नाही. संध्याकाळी पांढरी साडी नेसून विहारात ग्रंथवाचनाला गेली. जेवण सोडलं, पण गोळी घेतली! औषध ते, चुकवायचं कसं?

सकाळी उठवायला गेले तर तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं नुसतं बरळल्यासारखं.

शेजारच्या काकू ओरडल्या, "लकवा मारला गं! कबुतराचं रक्त चोळा!"

"काकू, आधी दुधाचा टेम्पो थांबवा!"

टेम्पोवाल्या मामांनी कॅन सरकवून आईला निजवलं आणि मधल्या गावांचं दूध न घेता थेट सुप्याचा दवाखाना गाठला.

"डॉक्टर, आईला लकवा झालाय!"

"ते मला बघू दे."

नगरला स्कॅनसाठी पाठवायची चिठ्ठी लिहिण्याआधी त्यांनी एक छोटं मशीन काढलं. आईच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. मशीन एकेक सेकंद मोजतंय आणि मी आकड्याकडे डोळे लावून उभी!

"बत्तीस! फारच कमी. काल जेवल्या होत्या?"

"दुपारी. रात्री नाही, उपोसथ होता."

"आणि गोळी?"

"घेतली की."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळानं हात हलला, तोंड सरळ झालं. आई पहिलं काय बोलली? "मला बिगर चपलेचं आनलं व्हय गं?"

मामा म्हणाले, "आक्का, चपला आनाया माघारी जाऊ का?" मी रडता रडता हसले.

शुगर फार उतरली की कधीकधी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं, असं डॉक्टरांनी समजावलं. "पण खरा लकव्याचा झटका असता, तर या पट्टीला कळलं नसतं. स्कॅनच लागलं असतं." ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. आता मी एम.एस्सी.ला आहे. सर म्हणतात, सोन्याचे अतिशय बारीक कण लावून झटकाही रक्तातून ओळखणारी पट्टी कधीतरी होईल. मला तेच काम करायचंय! डॉक्टरांचे, मामांचे उपकार मी आणखी कसे फेडणार?

आईनं तिच्या परीनं तेव्हाच फेडले. पुढच्या पौर्णिमेला विहारात वाचन सुरू व्हायच्या आधी उभी राहिली. "ज्यांना शुगर हाय, त्यांनी आदी डाक्टरला इचारा, मग शील घ्या. मी इचारलं न्हाई, तर भ्यानं पोरीचा जीव जायची येळ आल्ती."