कॅटलॉगवाल्यांचं शेवटचं किट

पार्सलवरचं अक्षर बाईमाणसाचं होतं, हे मास्तरीणबाईंनी दारातच ओळखलं. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत वह्या तपासल्या होत्या. हे अक्षर गोल, जपून काढलेलं, आणि प्रत्येक 'ल'चं पोट जरा जास्तच फुगवलेलं. नवऱ्याच्या नावाआधी 'श्री.' सुद्धा नाही. नुसतं नाव.

"कुणाकडून आलंय हो?"

"जुन्या कंपनीतलं आहे काहीतरी," असं म्हणत कॅटलॉगवाले खोका छातीशी धरून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं आंघोळ सोडून कशासाठीही दार लावलेलं नव्हतं.

कॅटलॉगवाले हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी दिलेलं. ते ज्या कंपनीत होते ती लोकांना पोस्टानं किट पाठवायची. रेडिओचं, अ‍ॅम्प्लिफायरचं, स्पीकरचं. खोक्यात सुटे भाग, एक सर्किट बोर्ड आणि सोबत पुस्तिका. बाकी सगळं ज्याचं त्यानं घरी जोडायचं. प्रत्येक नव्या किटचा पहिला नमुना कॅटलॉगवाले स्वतः जोडत आणि मग पुस्तिका लिहीत. ज्यानं जन्मात सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नाही, त्या माणसालाही रविवार संपेपर्यंत स्वतःच्या सेटवर गाणं ऐकता आलं पाहिजे, अशी त्यांची पायरीपायरीनं लिहिण्याची रीत. वर्षाचा कॅटलॉगही तेच करायचे. पातळ पिवळसर कागद, नटबोल्टसुद्धा नीट दाखवणारी चित्रं, मागच्या पानावर कापून पाठवायचा ऑर्डरचा चौकोन. लोक सेट तयार झाला की त्याचा फोटो पाठवायचे. एकानं तर लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या मध्ये अ‍ॅम्प्लिफायर ठेवला होता.

पुढे तयार सेट स्वस्त झाले आणि कंपनी बंद पडली. निवृत्तीनंतर कॅटलॉगवाल्यांना दुसरं वाचन उरलं नाही. जेवण झालं की फडताळातून एक वर्ष काढायचं आणि पानं उलटायची. "हे बघ, या साली आपण लाकडी कॅबिनेट द्यायला लागलो," असं ते म्हणाले, की मास्तरीणबाई कपड्यांच्या घड्या घालता घालता "हं" म्हणत. निरुपद्रवी वेड आहे, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं.

पार्सल आल्यापासून मात्र रोज तीन वाजता दार बंद होऊ लागलं. आतून बोलणं ऐकू यायचं. मास्तरीणबाई हातात टॉवेलांची चळत घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. कुणी पाहिलंच तर टॉवेल ठेवायला आल्यात, इतकी तयारी त्यांनी केली होती.

"आता ही बघ. हिरवी ना? ...नक्की? ...तू म्हणशील तसं."

तू! या माणसाच्या तोंडी परक्या बाईसाठी 'तू' त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. स्वतःच्या मेहुणीलाही ते अहोजाहो करत.

लेक दूरच्या शहरात होती. तिला फोन लावला.

"आई, बाबा? अगं, त्यांना पायजम्याची नाडी सापडत नाही, त्यांना बाई कुठून सापडेल?"

"हसू नकोस. दार लावून बोलतात."

"मग विचार ना सरळ."

"विचारलं की माणूस सावध होतो," मास्तरीणबाई म्हणाल्या. कॉपी करणारी मुलं त्यांनी अशीच पकडली होती, न विचारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅटलॉगवाले केस कापायला गेले, तशा त्या फडताळासमोर बसल्या. कॅटलॉगांच्या मागे पुस्तिकांचे कच्चे मसुदे सुतळीनं बांधून ठेवलेले होते. त्यांनी सुतळी सोडली. पानापानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. तपकिरी, काळा, नारिंगी. पिवळा, जांभळा, लाल. लाल, लाल, तपकिरी. तेच गोल अक्षर, तेच फुगलेलं पोट. मजकूर नाही, निरोप नाही, नुसते रंग. एक ना दोन, नऊ वर्षांच्या मसुद्यांवर. आणि नवव्या वर्षी मधेच एका पानापासून पेन्सिल बंद.

काहीतरी बिनसलं असणार तेव्हा, त्यांनी मनाशी ताडलं. पण हे रंग कसले? उद्या कोणते कपडे घालून येणार त्याची यादी? चाळिशीच्या आतल्या माणसांना काहीही सुचतं. त्यांनी त्या शेवटच्या पानावरचं साल पाहिलं. लेक तेव्हा चार महिन्यांची होती. रात्र रात्र जागून त्यांचे डोळे आत गेले होते, आणि हा माणूस तिकडे रंगांच्या याद्या जमवत होता!

त्या दिवशी तीन वाजता त्यांनी टॉवेल घेतले नाहीत. सरळ दार ढकललं.

टेबलावर अर्धवट जोडलेलं अ‍ॅम्प्लिफायरचं किट होतं, मध्ये जड ट्रान्सफॉर्मर, त्यातून निघालेल्या तारा. फोन डब्याला टेकवून उभा केलेला. त्याच्या पडद्यावर पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची एक बाई डोळे बारीक करून बघत होती. कॅटलॉगवाल्यांनी दोन तारा चिमटीत धरून फोनसमोर नाचवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"रंग विचारतोय," कॅटलॉगवाले म्हणाले.

"एक हिरवी आहे, एक तपकिरी. यात विचारायचं काय?"

मग पडद्यावरची बाई म्हणाली, "सांगून टाका आता. मी ठेवते." आणि पडदा काळा झाला.

"मला दोन्ही सारख्याच दिसतात," कॅटलॉगवाले टेबलाकडे बघत म्हणाले. "लाल, हिरवा, तपकिरी, सगळं मळकट. लहानपणापासून."

मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या. टोमॅटो आणायला कायम टाळाटाळ. एका पायात हिरवा मोजा, एका पायात तपकिरी. त्या आळशीपणा समजून छत्तीस वर्षं बोल लावत आल्या होत्या. मग एकदम त्यांना लेकीचा मुलगा आठवला. परवाच त्यानं पाठवलेल्या चित्रात झाडाचं खोड हिरवंगार रंगवलं होतं, आणि सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

"लग्नाआधी का नाही सांगितलंत?"

"तुझ्या वडिलांनी विचारलं होतं, काही दोष वगैरे नाही ना. मी नाही म्हणालो. त्याआधी कंपनीतही नाहीच म्हणालो होतो. तिथे तर सगळं कामच रंगांचं, रेझिस्टरची किंमत सांगणारे रंगीत पट्टे, तारा. ती समोर पॅकिंगला बसायची. तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मसुद्यावर रंग तीच लिहून द्यायची."

"नऊ वर्षं. फुकट."

"हो. मग या किटच्या वेळी घोळ झाला. ती रजेवर होती, छपाईची घाई होती, ट्रान्सफॉर्मरच्या तारांचे रंग मी अंदाजानं लिहिले. स्विचला जोडायच्या तपकिरी, छापून गेलं लाल. लोकांच्या घरात धूर झाला. साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, रंग कुणी सांगितले? ती म्हणाली, मी. त्याच आठवड्यात तिची नोकरी गेली. मी गप्प बसलो. त्यानंतर छपाईआधी रंग दुसरं कुणीतरी तपासायचं." त्यांनी तारा टेबलावर ठेवल्या. "मध्यंतरी घर आवरताना त्याच खेपेतलं न उघडलेलं किट तिला सापडलं. ते तिनं पाठवलं, सोबत चिठ्ठी होती, नंबर होता. एकदा बरोबर जोडून बघा म्हणाली."

"आणि एका बाईनं उगाच दुसऱ्याच्या नवऱ्यासाठी नोकरी घालवली, असं मी समजू?"

"उगाच नाही. आपली मुलगी लहान होती, तिला ठाऊक होतं."

मास्तरीणबाईंना हे पटलं नाही. पण वाद घालण्याआधी हातातलं काम त्यांना पुरं करून हवं होतं. त्या कामापायी रोज दार बंद होत होतं. "द्या इकडे. कोणत्या तारा बघायच्या?"

ट्रान्सफॉर्मरच्या तारांच्या दोन जोड्या उरल्या होत्या, एक लाल, एक तपकिरी. त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिलं. तेहतीस वर्षांत प्लास्टिक विटून गेलं होतं. ही लाल म्हणावी तर तीही लालसर. दिवा लावला, चष्मा बदलला. मीटरनं कळलं असतं, पण घरातल्या मीटरचा काटा कधीच अडकून बसला होता. आणि अंदाजानं तार जोडण्याचं फळ आत्ताच ऐकून झालं होतं.

त्यांनी नवऱ्याचा फोन उचलला, स्वयंपाकघरात गेल्या आणि तोच नंबर लावला.

"मी बोलतेय. यांची बायको. तारा विटल्यात, ओळखू येत नाहीत."

"वहिनी, रंग बघूच नका. लांबी बघा. स्विचपर्यंत पोचायला हव्यात म्हणून तपकिरी तारा आम्ही पॅकिंगला दोन बोटं लांब ठेवायचो."

"मग हे यांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी लांबी कधी विचारलीच नाही. रंगच विचारत बसले."

मास्तरीणबाईंना हसू येत होतं, ते त्यांनी दाबलं. "आणखी एक विचारते. तुम्ही त्यांची चूक स्वतःवर का घेतलीत?"

"त्यांची कुठली? मी रजेवर नव्हतेच त्या दिवशी. निघायच्या घाईत मीच लाल म्हटलं. माझी चूक होती, मी सांगितली. त्यांना काहीतरी वेगळंच वाटतं. मी दोनदा सांगून पाहिलं."

खोलीत परतल्यावर त्यांनी सगळं जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. या घरात आता आणखी काही झाकून ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

कॅटलॉगवाल्यांनी मान हलवली. "छे. ती रजेवर होती. मला पक्कं आठवतं. ती अजूनही मलाच सांभाळून घेतेय."

"म्हणजे दोघांतलं एक खोटं बोलतंय."

"किंवा एकाला नीट आठवत नसेल."

"कोण, ते मी शोधून काढीन. पुढच्या रविवारी बोलवा तिला जेवायला. समोर बसवून विचारते दोघांना."

मास्तरीणबाईंनी बोटं लावून तारा मोजल्या. लांब जोडी कॅटलॉगवाल्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली नाही, रंग विचारला नाही, सरळ जोडली. सोल्डरचा धूर वर गेला तशा त्या खुर्चीसकट मागे सरकल्या.

"हा तो धूर नव्हे," ते म्हणाले.

प्लग लावला. स्विच दाबला. दोघंही वाकून ट्रान्सफॉर्मरचा वास घेत राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं. वास नाही. स्पीकरमधून मात्र बारीकशी घरघर येत होती.

"हे काय?"

"ती यायचीच. सगळ्या नगांना यायची."

"कॅटलॉगात तर लिहिलं असेल, अजिबात घरघर नाही म्हणून?"

कॅटलॉगवाल्यांनी आवाजाचं बटण उगाचच पुढे-मागे फिरवलं.

"लिहिलं होतं," ते म्हणाले.