एकबारी मामू

मामू कोणतीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत. कुवेतमध्ये हवल्लीत त्यांची लाँड्री होती. गिऱ्हाइकानं विचारलं, कपडे कधी मिळतील, की मामू इस्त्रीवरून नजर न उचलता म्हणत, "गुरुवार." ज्याला ऐकू गेलं नाही तो सोमवारपासून चकरा मारी. मामूंना त्याचं काही वाटत नसे. बोलणाऱ्यानं एकदा बोलावं, ऐकणाऱ्यानं कान उघडे ठेवावेत, असा त्यांचा हिशेब.

मी तेव्हा एका कंत्राटदाराकडे कारकून होतो आणि लाँड्रीमागच्या खोलीत राहत होतो. मी देवरुखचा, मामू दाभोळच्या खाडीकडचे, त्यामुळे जेवण एकत्र होई. माझा स्वभाव पहिल्यापासून पडका. चूक कुणाचीही असो, ती आपल्यामुळेच झाली असं मला वाटतं आणि तोंडातून माफी निघून जाते. आज पन्नाशीला आलो तरी ते गेलेलं नाही. मामू याची मनसोक्त टिंगल करत. गिऱ्हाइकांना सांगत, "ह्याच्या पायावर उंट उभा ऱ्हायला, तरी उंटाची माफी हाच मागंल."

त्यांची बंदूक म्हणजे आमच्या गल्लीतला थट्टेचा विषय. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबानं टाकून द्यायच्या भावात त्यांना ती दिली होती. एकनळी, मधून मोडायची, एक काडतूस घालायचं आणि मिटायची. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता तडकलेला, तारेनं बांधलेला. मामूंनी आधी ती तार काढून फेकली. मग बंदराजवळ मोडीत काढलेल्या एका गलबताचा साग आणला आणि तासत बसले. स्वतः बुटके, म्हणून दस्ता आखूड केला. गालाला लागतो तिथं किंचित फुगवटा ठेवला. धक्का बसू नये म्हणून मागे लॉरीच्या टायरचं रबर स्क्रूनं बसवलं. जवसाचं तेल चोळून चोळून लाकूड असं केलं की दुकानात येणारा प्रत्येक जण नकळत त्यावर हात फिरवी. नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी पडून गेली होती. तिथं त्यांनी शिंपल्याचं बटण घासून लाखेनं चिकटवलं. ते माझ्या शर्टाचं होतं हे मला चार दिवसांनी कळलं. "शर्टाला पाच अजून हायत," मामू म्हणाले. "बंदुकीला एक पण नव्हतं."

गल्लीतले लोक विचारत, मामू, दुनळी का नाही घेत? एक बार चुकला तर दुसरा हाताशी असतो. मामूंचं उत्तर ठरलेलं नव्हतं, पण मला त्यांनी एकदा दिलं ते असं : "दुसरा हाय म्हणून पयला चुकतो. मी चाप ओढताना बिस्मिल्ला म्हणतो. एका बिस्मिल्लाला एक बार." आणि खरंच, नेम चुकला की ते त्या पाखरावर पुन्हा बंदूक उचलत नसत. वाळूत बसून चहा पीत. अशा बंदुकीला आमच्याकडे एकबारी म्हणतात. त्यावरून लोक त्यांना एकबारी मामू म्हणू लागले, आणि त्यांनाही ते आवडे.

लाव्यांच्या मोसमात एका शुक्रवारी आम्ही रिग्गईच्या पलीकडे मोकळ्यावर गेलो होतो. धूळ इतकी उडत होती की एकही पाखरू दिसलं नाही, मामूंनी एकही बार काढला नाही. परत निघालो तर पोलिसांची गाडी आडवी आली. जवळपास कुणीतरी बार काढला होता आणि एका मोठ्या घरच्या म्हाताऱ्याच्या शिकारी ससाण्याच्या पंखाला छर्रा लागला होता. आसपास बंदूक सापडली ती आमच्याकडे.

मखफरात, म्हणजे तिथल्या पोलीस चौकीत, अधिकारी अरबी बोलणारा. दुभाष्या म्हणून त्यांनी आपला ड्रायव्हर उभा केला, तो उत्तर हिंदुस्थानातला. अधिकाऱ्यानं विचारलं, ही कसली बंदूक आहे? मामू म्हणाले, "एकबारी." ड्रायव्हरनं ऐकलं 'एक बारी', म्हणजे त्याच्या बोलीत 'एकदा', आणि अरबीत सांगून टाकलं की हा म्हणतो, एकदा झाडली.

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी ड्रायव्हरला समजावलं, तो बिचारा ओशाळला, त्यानं दुरुस्त करून सांगितलंही. पण आता ती दुरुस्ती सारवासारव वाटू लागली. मला परत पाठवणीची बोट दिसायला लागली. मी हात जोडून हिंदीत म्हणालो, "गलती हो गई साहब, माफ कर दीजिए."

मामूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हरला म्हणाले, "ह्यानं मागितलेली माफी परत घे. ती माजी नाय."

मग त्यांनी बंदूक मोडून आतलं न झाडलेलं काडतूस टेबलावर ठेवलं आणि खिशातला पांढराशुभ्र रुमाल काडीला गुंडाळून नळीतून आरपार ओढला. रुमालावर तेलाचा पिवळा डाग आला, काजळी नाही. अधिकाऱ्याला पटलं. म्हाताऱ्यालाही बहुधा पटलं. तो पंख बांधलेला ससाणा मनगटावर घेऊन बसला होता. पण त्याच्या जिवाला लागलेलं होतं. तो शांतपणे म्हणाला, नसेल झाडली, पण माझं पाखरू जखमी आहे. यानं माफीचा एक शब्द बोलावा आणि बंदूक घेऊन जावं. अधिकाऱ्यानं होकारार्थी मान हलवली. बंदुकीचा कागद लाँड्रीच्या कुवेती मालकाच्या नावावर होता आणि तो बसऱ्याला गेलेला, त्यामुळे ती ठेवून घ्यायला त्याला निमित्तही होतं.

एका शब्दाचा प्रश्न होता. मी मामूंच्या कानाशी लागून विनवलं, बोलून टाका, बंदूक हातची जाईल.

"पाखराचं वाईट वाटतं, ते सांग त्यांना," मामू म्हणाले. "माफी मी केलेल्याची मागतो."

मी हिंदीत सांगितलं, ड्रायव्हरनं अरबीत. म्हाताऱ्याचं तेवढ्यानं भागलं नाही. मामूंनी ड्रायव्हरकडून गाडीतला लांब स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि तिथंच खाली मांडी घातली. मागचं रबर सोडवलं, आतला लांब स्क्रू फिरवला, दस्ता वेगळा झाला. नखानं नळीवरची माशी उचकटली. उरलेलं उघडं लोखंड अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवलं. "ते साहेबाचं होतं, ठेवा. ह्ये मी केलेलं हाय." आणि सागाचा दस्ता काखेत मारून ते बाहेर पडले. कुणीही अडवलं नाही. बाहेर आल्यावर बटण माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "लावून घे."

पुढे ससाणा बरा झाला. म्हाताऱ्याचा माणूस लाँड्रीत निरोप घेऊन आला की काही बोलायचं नाही, चौकीत येऊन बंदूक घेऊन जा. मामू इस्त्री फिरवत म्हणाले, "ज्यानं ठेवली त्यानं आणून द्यावी." चौकीवाल्यांनी ती आणून दिली नाही, मामू आणायला गेले नाहीत. मी गुपचूप जाऊन घेऊन यावी असं मला अनेकदा वाटलं. त्यांना ते आवडणार नाही एवढं मात्र तोवर मला कळू लागलं होतं.

मामू गावी परतले आणि काही वर्षांत गेले. मी उशिरा भेटायला गेलो. मामींनी दस्ता आणून माझ्यापुढे ठेवला. याची पुढची बंदूक कुठं आहे, हे त्यांना मामूंनी कधी सांगितलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं, माझ्या जोडलेल्या हातांसकट. वाटलं, त्या म्हणतील, एका शब्दानं काय बिघडलं असतं.

मामी पदराआड हसल्या. म्हणाल्या, "निकाहाला काझीनं तीनदा इचारलं. हे एकदाच बोलले, कुबूल. काझी अडून बसला. हे त्याला म्हणाले, फिरणार असतो तर तीनदा बोललो असतो." मग दस्त्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझा संसार त्या एकावरच झाला."