साखरपुड्यात काढलेला मास्क

कापडे गावात पेंढ्याची उडवी रचावी ती आमच्या हैबतीदादानेच. त्याने रचलेली उडवी भर पावसातही आतून कोरडी राही, आणि हे तो चारचौघांत स्वतःच सांगे. आमच्या घरातला शहाणपणा तेवढा माझ्या वाट्याला आला असं मी समजत होतो. ते किती खोटं होतं, ते पुढे येईलच.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. दादाने नांगर धरला आणि मला शिकायला महाडला ठेवलं. मी मास्तर झालो, तो शेतातच राहिला. चाळीस वर्षं बुरसटलेल्या पेंढ्याची धूळ नाकातोंडात जाऊन त्याची फुफ्फुसं आक्रसली. शेवटी नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. मागच्या जूनमध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात कुणा अनोळखी माणसाची फुफ्फुसं त्याला बसवली. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "लावनी झाली काय रे?"

घरी सोडताना डॉक्टर अनुपमांनी मला आणि तुळजावहिनीला समोर बसवलं. "बदललेली किडनी आत झाकलेली असते. फुफ्फुसात मात्र प्रत्येक श्वासाला बाहेरची हवा जाते, आणि हवेत बुरशीचे कण असतात. तुमचं-आमचं त्यांनी काही बिघडत नाही. पण यांच्या शरीराने नवं फुफ्फुस नाकारू नये म्हणून आम्ही त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवली आहे. बुरशी रोखायला गोळ्या आहेत, वाफेचं औषध आहे. पण तेवढ्यावर विसंबू नका. पेंढा, शेणखत, ओली माती यांच्या जवळही जाऊ द्यायचं नाही. घराबाहेर मास्क."

मी मास्तर. सगळं वहीत उतरवून घेतलं, मोठ्या अक्षरात लिहून घराच्या भिंतीला लावलं आणि गुरं चुलत्यांच्या गोठ्यात हलवली. वहिनी घड्याळ बघून गोळ्या देई. दादा कुरकुरे, पण सगळं पाळी. सहा महिने त्याला साधा खोकलाही झाला नाही.

मग माझ्या मुलीचं, तेजश्रीचं जमलं. साखरपुडा कापड्याच्या घरी, खळ्यात व्हावा ही दादाचीच इच्छा. अवकाळी पावसात भिजलेला पेंढा खळ्याच्या कडेला पडून होता. मंडपाला जागा हवी म्हणून त्या दिवशी सकाळी मी तो माणसं लावून मागे टाकून घेतला. भारे उचलताच काळी-करडी धूळ उठली. मी ती बघितली. पाणी मारलं की बसेल, असं म्हणून पुढच्या कामाला लागलो.

दादा पांढरा सदरा, टोपी घालून आणि मास्क लावून तयार होता. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली आणि मला दादाचा मास्क आठवला. हे लोक काय समजतील? क्षयच समजतील. मुलीच्या घरात क्षय आहे असं कुणी म्हटलं, तर जमलेलं मोडायला कितीसा वेळ लागतो.

मी आत गेलो. "दादा, तासभर मास्क काढ. पाव्हणे भलतंच काय तरी समजतील."

वहिनी म्हणाली, "भावजी, डाक्तरीनबाय काय बोलल्या व्हत्या? भितीवर तुमीच लावलाय ना?"

"तासाभरानं काय होतंय, वहिनी!" मी खेकसलो.

दादाने माझ्याकडे बघितलं. मास्क काढला, घडी करून खिशात ठेवला आणि खळ्यात जाऊन बसला. पाहुण्यांशी तो छान बोलला. मी खूश होतो, हे लिहितानाही मला माझीच किळस येते.

तीन आठवड्यांनी त्याला ताप भरला, मग खोकला सुरू झाला. मुंबईत नळी घालून बघितलं, तर नवी फुफ्फुसं जिथे जोडली होती तिथे बुरशी धरली होती.

"मास्क काढला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"उकडत व्हतं. मीच काढला," दादा म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. वर्गात चाळीस पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा मी.

दीड महिना शिरेतून औषध चाललं. जीव वाचला, पण दम निम्म्यावर आला. तो आता वाढायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

व्याही मालोजीराव भेटायला आले ते मास्क लावूनच. म्हणाले, "माझ्या बहिणीची किडनी बदललीय, सहा वर्षं झाली. आमच्या घरात मास्कचं कुणाला नवल नाही. त्या दिवशी तुम्ही आत काढून आलात, होय? खिशातून दोरी दिसत होती. का काढलात?"

दादाने पुन्हा उकाड्याचं सांगितलं. साखरपुडा ऐन थंडीत झाला होता. मालोजीराव माझ्याकडे बघत राहिले आणि मी फरशीकडे.

ते गेल्यावर मी म्हणालो, "दादा, माझंच चुकलं. पाव्हण्यांना घाबरलो मी."

आता त्याला दोन वाक्यांमध्ये थांबावं लागत होतं. "पाव्हन्यांसाठी नाय काढला मी," तो म्हणाला. "तुला माझी लाज वाटत व्हती. दिसली मला. म्हनून काढला."