बेलची वायर

रविवारी चिकलठाण्याला धाकट्या बहिणीकडे, नलूकडे गेले होते. बेल दाबली... वाजलीच नाही. भाचीच्या, सायलीच्या, नीट परीक्षेच्या अभ्यासासाठी मागच्या वर्षी वायर काढून ठेवली होती. परीक्षा होऊन निकालही लागला, तरी ती तशीच लोंबकळत होती.

आत टीव्हीवर चादर. नलूचे यजमान स्वतःच्याच घरात चोरपावलांनी फिरत होते. सायलीचं सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं होतं. परीक्षा परत द्यायची की फार्मसीला जायचं, हे ठरत नव्हतं आणि ॲडमिशनची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती.

मला असं अधांतरी सहन होत नाही. नोकरीतही मी फाईल टेबलावर पडू दिली नाही. एका जागी बसवेना... खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा उठले. नलू म्हणे रिपीट, यजमान म्हणे फार्मसी काय वाईट. मी नलूच्या बाजूची, तसं स्पष्ट सांगूनही टाकलं.

सायली खाली बसून शेंगा सोलत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, तुझं काय ते सरळ बोल.

"मावशी, पेपर परत द्यायला मला काही नाही," ती म्हणाली. "पण घर असं परत नको. पेपरात एखादा प्रश्न अडला की मला टीव्हीवरची चादर दिसायची."

मग हळूहळू सगळं निघालं. आईची भिशी बंद, पाहुणे बंद, कुकर लागायचा तो सायली क्लासला गेल्यावर. क्लाससमोरच्या मेसपाशी ही उगाच थांबायची... कुकरची शिट्टी ऐकायला.

"तुझ्यासाठीच केलं ना गं सगळं?" नलू म्हणाली.

"व्हय आई. म्हणूनच म्हणते, पेपर मी एकटी देते. तुम्ही नका देऊ."

यजमान उठले आणि बेलची वायर जोडायला पेचकस घेऊन स्टुलावर चढले. मी चादर ओढून घडी घातली. सायलीनं बाहेर जाऊन बेल दाबली, चांगली बराच वेळ. नलू सवयीनं "शूऽऽ" म्हणाली आणि मग तिलाच हसू आलं.

सायली परत परीक्षा देतेय. काय होईल कोण जाणे, माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. पण काल फोन केला तर मागे सिरीयल चालू होती आणि कुकरही शिट्ट्या देत होता...

पोरीनं वेळेवर तोंड उघडलं, हे तिचे आम्हा मोठ्यांवर उपकारच.