पडद्यामागची गाठ

चाळीस वर्षं मालकाच्या मागावर विणकाम केल्यावर अण्णांना कुणीतरी हातमागाच्या प्रदर्शनाचं परीक्षक केलं. छातीवर बिल्ला लागला. निघताना बायको म्हणाली होती, "आज तरी तोंड उघडा."

तिसऱ्या भिंतीपाशी अण्णांचे पाय थबकले. समोर निळा पडदा टांगला होता, त्यांनीच आठ महिने खपून विणलेला. खालच्या पाटीवर मात्र कलावंत म्हणून मालकाचं नाव. आडवा धागा नेणारा धोटा कुठल्या हाताने फेकतात हेही त्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि तो पाच पावलांवर पाहुण्यांकडून कौतुक करून घेत होता. बोलावं तर हातचा माग जातो, गप्प बसावं तर आपल्याच कामाचे गुण त्याच्या पदरात घालायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पण हात थोडाच ऐकतो? गाठ ओली करून दाबायच्या सवयीने अंगठा जिभेला लागला, पडद्यामागे गेला आणि जिथे तुटलेला धागा सांधला होता, नेमकी तीच गाठ दाबून आला.

सोबतच्या परीक्षक बाईही मागावरच्याच. त्यांनी हळूच विचारलं, "न बघता सापडली गाठ?"

अण्णांनी अंगठा मुठीत लपवला. "सवय हो, ताई."

बाईंनी मालकाकडे पाहिलं, मग कागदावर गुण लिहिले.

"पलीकडे लाल चादर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या हातची, दुसऱ्याच्या नावाची. तिच्यापुढे मी हात पाठीमागे धरून उभी राहिले. तुम्हीही धरा."