बहिरूनानाच्या गाडीची थरथर

नामपूरच्या बहिरूला आजाऱ्याजवळ बसणं कधी जमलंच नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा गोळ्या आणायला हा पठ्ठ्या ऊठसूट सटाण्याला पळाला, पण तिच्या उशाशी घटकाभर टेकला नाही. नुसतं बसून काय होतं, हे त्याचं ठरलेलं. शेती सांभाळून उभा जन्म कांदा मार्केटातल्या पिकअपच्या ड्रायव्हरकीत काढलेला. गाडी बिघडली की खाली शिरायचं, बिघाड काढायचा, हात पुसून बाहेर यायचं. माणसाच्या दुखण्याकडंही तो त्याच नजरेनं बघायचा. बरं, माणूस वाईट का? छे हो! गावात कुणाला साप चावला, कुणाची लेक बाळंतपणाला अडली, तर अर्ध्या हाकेला बहिरू गाडी घेऊन हजर. फक्त दवाखान्याच्या आत तो यायचा नाही. बाहेर टायरला लाथा मारत उभा राहायचा.

आणि मग त्याच्या बायकोचंच, बायडाबाईचं दुखणं निघालं. छातीतली गाठ काढून वर्ष होत नाही तोच ते पाठीच्या मणक्यात उतरलं. दर सोमवारी नाशिकला नेऊन सलाइनमधून औषध द्यायचं ठरलं. लेक योगिनी लांब, तिला अंगावरचं पोर. तेव्हा जाणार ही दोघंच.

सटाणा, देवळा, चांदवड, आणि तिथून पुढं हायवे. घरच्या जुन्या मोटारीत मागच्या सीटवर गोधडी घालून बायडाबाई आडवी व्हायची. खड्डा आला की पदराचा बोळा दातांत धरायची, तोंडातून ब्र काढायची नाही. पण गाडीला आरसा असतो ना! बहिरूला सगळं दिसायचं. रस्ता आपल्या हातात नाही, दुखणं आपल्या हातात नाही, पण गाडी तर आपली आहे, असं त्याच्या मनानं घेतलं.

मार्केटात कुणीतरी सांगितलं, मॅगव्हील आणि रुंद टायर घाला नाना, पाळण्यासारखी चालंल. झालं! बहिरूनं नवी चाकं, नवे टायर खोक्यांसकट घरी आणले आणि गावातल्या दत्तू टायरवाल्याकडून डोळ्यांदेखत बसवून घेतले. एका खोक्यात प्लास्टिकच्या चार काळ्या रिंगा निघाल्या, बांगड्यांएवढ्या. दत्तू म्हणाला, "पॅकिंग असंल." आता चांगली वस्तू टाकून देईल तो शेतकरी कसला? बहिरूनं त्या रिंगा गोठ्यात नेल्या आणि वासरांच्या दाव्यांत ओवल्या. दोर कसा छान सरकायला लागला.

पुढच्या सोमवारी चांदवड सोडून गाडी हायवेला लागली. काटा ऐंशीवर गेला आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. साठवर आणलं, थांबलं. पुन्हा ऐंशी, पुन्हा थरथर. ती स्टेअरिंगमधून खाली पत्र्यात उतरायची, पत्र्यातून सीटमध्ये आणि सीटमधून थेट बायडाबाईच्या मणक्यात. पूर्वी खड्ड्यापुरतं दुखायचं, आता सलग. साठनं न्यावी तर तिचा प्रवास तेवढाच लांबायचा. बहिरूनं आरशात पाहिलं; तिचे डोळे गच्च मिटलेले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. जिच्यासाठी केलं, तिलाच बाधलं!

दवाखान्यात ज्योत्स्ना नावाची सिस्टर होती, गोड पोरगी. तिनं सुई लावली, सलाइन सोडलं आणि खाटेजवळची खुर्ची पुढं ओढली. "बसा बाबा. पाच-सहा तास लागतील."

"आलोच," बहिरू म्हणाला, "गाडी दाखवून येतो."

नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात त्यानं चाकांचं बॅलन्सिंग, म्हणजे वजन सगळीकडून सारखं करून घेतलं. चाकांना शिशाचे तुकडे चिकटवले, मशीननं फरक शून्य दाखवला. परतताना ऐंशीला थरथर तशीच. त्याच्या पुढच्या सोमवारी चाकं एका रेषेत आणायचं अलाइनमेंट केलं. अहो, गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. थरथरीला त्याचा काय उपयोग? पण जीव टांगणीला लागलेला माणूस कोण काय सांगेल ते करतो. मग कुणी म्हणालं, पुढची चाकं मागं टाका; टायर वाईट असेल तर थरथर सीटखाली जाईल. गेली नाही, जिथल्या तिथं राहिली. मग स्टेअरिंगचे सांधे बदलले. सांधे नवे, थरथर जुनीच.

असे सोमवारमागून सोमवार गेले. शेजारच्या खाटांजवळ कुणाचा नवरा, कुणाची सून बसलेली असायची. कुणी केळं सोलून देई, कुणी पाय चेपी. बायडाबाईजवळची खुर्ची रिकामी. ती त्या खुर्चीवर कुणाला बसू द्यायची नाही. "आमचं माणूस येईल आते," ती आपल्या माहेरच्या बोलीत म्हणायची.

एकदा ज्योत्स्ना बहिरूला दारातच म्हणाली, "बाबा, आजी सारख्या दाराकडं बघतात हो." तर हा तिलाच चाकांचं रामायण सांगत बसला.

बायडाबाई मागणारी बाई नव्हती. कपडे मागितले नाहीत, दागिना मागितला नाही. पण एका सोमवारी सुई लागत असताना तिनं बहिरूची बाही धरली. "आज नका ना जाऊ. आठेच, या खुर्चीत थांबा. माले एकटीले भ्याव वाटतं."

बहिरू चक्क चिडला. "अगं, मी काय सिनेमाला चाललोय का? तुझ्याचसाठी मरमर करतोय ना!"

तिनं बाही सोडली. खरंच होतं त्याचं. तिच्याचसाठी चाललं होतं सगळं, पण शहाण्याला एवढं कळेना, की ती पाठीची कळ सोसत होती आणि सोसवत नव्हतं ते निराळंच. डोळ्यांसमोर धडधडीत मागणं आलं तरी त्याला गाडीच दिसली. राग येतो अशा माणसाचा, आणि कीवही येते.

त्याच दिवशी तो सातपूरला गेला. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत गोटीराम म्हणून एकाचं गॅरेज होतं, त्याचं नाव कुणीतरी सांगितलं होतं. गोटीरामनं गाडी त्र्यंबक रोडला पळवून आणली, जॅक लावला, पुढचं चाक उतरवलं आणि मधल्या भोकात करंगळी घातली.

"नाना, चाकाचं हे भोक मोठं, आणि ज्यावर ते बसतं तो गाडीचा हब बारीक. मधे रिंग लागते. मशीनवर चाक बरोबर मधोमध बसतं, म्हणून शून्य दाखवतं. तुमच्या गाडीवर ते केसभर बाजूला बसलंय. खोक्यात चार रिंगा आल्या असतील, काळ्या?"

बहिरूचा चेहरा पडला. "वासरांच्या दाव्यांत आहेत."

गोटीराम पोट धरून हसला. "वाहवा! मग वासरू ऐंशीनं पळत असंल बिनथरथरीचं!" पण दवाखान्याचं कळल्यावर त्याचं हसू मावळलं. शोधशोध शोधून त्यानं मापाच्या रिंगा काढल्या. हब घासून साफ केले, रिंगा बसवल्या, चाक अधांतरी असतानाच समोरासमोरचे नट आवळत आणले.

बहिरू स्वतः चालवून आला. ऐंशी. नव्वद. शंभर. पोटातलं पाणी हलेना! त्याला रडूच फुटलं. गोटीरामच्या टेबलावर ठेवून गेलेला आपला फोन उचलला तर दवाखान्याचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. सलाइन संपलं असेल, असं म्हणून तो निघाला.

बायडाबाई कपडे सारखे करून खाटेच्या कडेला बसली होती. ज्योत्स्ना काही सांगायला पुढं आली, पण बायडाबाईनं मान हलवली. "मी सांगेन त्यांले," एवढंच म्हणाली. बहिरूचं तिकडं कुठं लक्ष! तो रिंगांचं सांगत होता, वासराचं सांगत होता, स्वतःलाच मूर्ख म्हणत होता. ती ऐकत होती. वासराचं ऐकून हसलीही.

पिंपळगाव मागं पडलं. रस्ता मोकळा, उन्हं कललेली. बहिरूनं आरशात पाहिलं. "बघ बायडे, नव्वद! हलतं का काही?"

"नही. लय चांगली चालती."

"आता पुढल्या सोमवारी बघ, झोपून जाशील तू. कळायचंसुद्धा नाही नाशिक कधी आलं."

ती हाताचा रेटा देऊन सीटवर उठून बसली. मग म्हणाली, "पुढल्या सोमवारी यायचं नही."

"का? सुट्टी आहे?"

"औषधाचा गुण येत नही, म्हणे डॉक्टर. तपासणीच्या फोटोत सगळीकडं पसरलं शे. आते घरीच राहू द्या, दुखलं की गोळी द्या, म्हणे."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुमचीच वाट पाहत होते ते. फोन लावले. मग मीच म्हटलं, दुखणं माझं शे, मालेच सांगा."

गाडी अगदी सरळ, अगदी गुळगुळीत चालली होती. बहिरूनं ती रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली. खाली उतरला, मागचं दार उघडलं, गोधडी सारून तिच्याशेजारी बसला.

"एकटीनं ऐकलंस?"

"एकटी कुठं? ती सिस्टर होती ना. तिचा हात धरून ऐकलं."

बहिरूला बोलायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं. तोंड उघडलं तर नुसता हुंदका आला, मग दुसरा, आणि मग ते त्याला आवरेना. बाजूनं कांद्याचे ट्रक जात होते. बायडाबाईला पाठ वाकवता येत नव्हती, तरी ती कशीबशी त्याच्याकडं वळली.

"उगी, उगी," ती म्हणाली. त्याचं डोकं खांद्यावर घेऊन ती किती तरी वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.