गजेंद्र सरांची बोलकी फरशी

आमचे गजेंद्र सर हाडाचे शिक्षक आहेत, असं सगळे म्हणतात. आधी ते स्वतः म्हणाले, मग आम्ही. वलगावच्या पलीकडे आमची दोन शिक्षकांची शाळा; पहिली ते चौथी, पटावर एकवीस पोरं. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे, आणि वयानं मोठा म्हणून मुख्याध्यापकाचा शिक्काही माझ्याकडे.

सर आले ते शैक्षणिक साहित्याचं वेड घेऊनच. चिंचोक्यांच्या बरण्या, काड्यांचे दशक, पुठ्ठ्याची घड्याळं, कोपऱ्यात कागदी पानांवर शब्द लिहिलेलं ‘वाचनझाड’. दिवाळीच्या सुटीत गावी न जाता त्यांनी वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटनं सगळी मुळाक्षरं, शंभरपर्यंतचे अंक आणि महाराष्ट्राचा नकाशा काढला. खोटं कशाला बोलू, अक्षर मोत्यासारखं. पाहून मलाच पुन्हा पहिलीत बसावंसं वाटलं.

तसं ते पोरांनाही वाटलं, आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. पोरं बसली की रंग उडणार. म्हणून सरांनी वर्ग व्हरांड्यात हलवला. फरशी आत, शिकणारे बाहेर. पाहुणे आले की पोरांना पाय धुऊन आत घ्यायचं, फोटो होईस्तोवर क वर, ख वर उभं करायचं आणि परत बाहेर काढायचं. पोरांना मोजणी यावी म्हणून आणलेले चिंचोके मोजायचा मान फक्त सरांना होता.

मी काय करत होतो? मी ऑनलाइन माहिती भरत होतो. त्यात ‘साहित्याचा वापर होतो का?’ असा रकाना होता. मी ‘होय’ लिहिलं.

जानेवारीत मैनाबाई आली. चौथीतल्या रागिणीची आई. पालक-मेथी लावते, सकाळी अमरावतीच्या बाजारात नेऊन विकते. तिला स्वतःला अक्षरओळख नाही.

“सर, रागिणीले सादं नाव वाचता येत नाई. चौथीनंतर ती वलगावच्या शाळेत जाईन. तथी कोन बसलं हाय तिले क-ख शिकवाले? का मंग वावरातच नेऊ मी तिले?”

सर कळवळले. खरंच कळवळले. त्यांनी तिला वाचनझाड दाखवलं. “मावशी, एक पान काढायचं, शब्द वाचायचा, परत लावायचं. असं झाड जिल्ह्यात कुठं नाही.”

“मंग काढू द्या ना तिले.”

“फाटतं ना हो मावशी!”

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना चिखलाच्या चपलांनिशी मैनाबाई थेट वर्गात शिरली, रागिणीला क वर बसवलं आणि व्हरांड्यातल्या बाकीच्या पोरांनाही आत बोलावलं.

“मावशी, चप्पल!” सर ओरडले. “निदान चप्पल तरी काढा!”

तिनं चप्पल काढली आणि नकाशावर मांडी घातली. “तुमी शिकवा सर. मी बसून राहिली अथी.”

आई समोर ठाण मांडून बसल्यावर माणूस करतो काय? सर शिकवू लागले. आणि गंमत म्हणजे, माणूस शिकवतो झकास. क वरून म वर, म वरून ळ वर उडी मारली की ‘कमळ’. मैनाबाई रोज तासभर यायची आणि गप्प बसून राहायची. महिना-दीड महिन्यात क चं शेपूट गेलं, नकाशातलं कोकण पुसलं आणि रागिणी अडखळत तीन अक्षरी शब्द वाचू लागली. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आनंदाचं. पण ते कोकणाकडे बघत होते.

मार्चमध्ये जिल्ह्याची पुरस्कार समिती आली. सरांनी फरशीबद्दल आधीच माफी मागून टाकली. समितीचे अध्यक्ष मात्र खाली वाकले आणि झिजलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, “एवढ्या शाळा पाहिल्या, पण वापरलेली फरशी ही एकच!” पुरस्कार सरांना मिळाला. भाषणात ते म्हणाले, “साहित्य झिजेपर्यंत वापरायचं, हीच माझी पद्धत.” मैनाबाईचं नाव त्यात नव्हतं. माझं होतं, मार्गदर्शक म्हणून. मी शाल घेतली.

आता राज्याची समिती येणार म्हणून सरांनी फरशी पुन्हा रंगवली. वर्गाला कुलूप लागलं, पोरं परत व्हरांड्यात आली. शाळा संपायला महिना उरला होता आणि रागिणीची जोडाक्षरं अजून व्हायची होती. दारावर सरांनी सुरेख पाटी लावली आणि खाली माझा शिक्का मारून घेतला.

सोमवारी नेहमीच्या वेळी मैनाबाई लेकीला घेऊन दारापाशी थांबली. रागिणीनं पाटीवर बोट ठेवलं.

“आ…त… ये…ऊ… न…ये.”

कुणी न सांगता वाचलेलं तिचं ते पहिलं वाक्य. मैनाबाईचा चेहरा असा फुलला की काय सांगू. “वाचलं! सर, वाचलं माह्या पोरीनं!” मग लेकीनं काय वाचलं ते तिच्या ध्यानात आलं, आणि दाराकडे टाकलेलं पाऊल तिनं मागे घेतलं.

रागिणीचं बोट तोवर खाली शिक्क्यावर सरकलं होतं. ‘मु’ म्हणून ती अडली. “याच्यापुढचं आमाले शिकवलंच नाई. हे कोन हाय, सर?”

“मीच,” मी म्हणालो. किल्ली माझ्याच खिशात होती. पण रंग अजून ओला होता, म्हणून मी कुलूप काढलं नाही.